भेसळीविरुद्ध इंग्लंडात कायदाच नव्हता?

‘खाण्यातल्या भेसळीवर पहिला कायदा १९०६ साली अमेरिकेने केला, तोवर इंग्लंडात खुशाल खडू घातलेलं दूध विकलं जायचं,’ हे विधान वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे. ब्रिटनमध्ये भेसळीविरुद्धचा कायदा १८६० मध्येच आला. तो कुचकामी ठरला, पण १८७५ च्या कायद्याने खरी यंत्रणा उभी राहिली आणि राजा सातव्या एडवर्डच्या काळात (१९०१–१९१०) ती गावोगावी चालू होती.

नमुने घ्यायला येणाऱ्या निरीक्षकाला दुकानदार ओळखत, म्हणून अनेकदा दुसऱ्याच कुणाला गिऱ्हाईक म्हणून पाठवत. खरेदी होताच निरीक्षक पुढे येऊन तपासणी होणार असल्याचं सांगे. मग नमुन्याचे तीन भाग होत: एक दुकानदाराला, एक स्थानिक संस्थेने नेमलेल्या रसायनतज्ज्ञाकडे, तिसरा मोहोरबंद राखून ठेवलेला, वाद झालाच तर कोर्टासाठी. इतकी चोख पद्धत तेव्हा होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९०१ च्या नियमांनी दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश ठरवला. त्याहून कमी भरलं की भेसळ गृहीत धरत. मात्र ‘गाईनेच असं दूध दिलं’ हे सिद्ध करून विक्रेता सुटू शके. घाऊक व्यापाऱ्याची लेखी हमी दाखवूनही सुटका होई. दंडही बऱ्याचदा किरकोळ असत. म्हणजे भेसळ टिकली ती कायदा नव्हता म्हणून नव्हे, तर त्यातल्या अशा पळवाटांमुळे.