ऑफ-ग्रिड सौर घरासाठी जनरेटरची क्षमता

वीजमंडळाची लाइन नसलेल्या, केवळ सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणाऱ्या घराला पूरक म्हणून किती केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता मोजण्याचे एकक) जनरेटर लागेल, हे ठरवण्याची पद्धत. कोकणात आणि घाटमाथ्यावर ही गरज मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडते. उन्हाळ्यात रोज दहा-बारा युनिट देणारी ३ किलोवॅटची पॅनेल जुलैच्या झडीत दोन-तीन युनिटांवर येतात.

घरातल्या दिव्या-पंख्यांची बेरीज करून जनरेटर घेतला, की तो हमखास अपुरा पडतो. अशा घरात जनरेटरचे खरे काम बॅटरी भरणे हे असते; म्हणून हिशेब चार्जरपासून (तो सहसा इन्व्हर्टरमध्येच असतो) सुरू करावा. समजा, ४८ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी आहे. तिला क्षमतेच्या दहा टक्के, म्हणजे २० अँपिअरने भरायचे. चार्जिंगचे व्होल्टेज ५७.६ धरले, तर बॅटरीत साधारण १,१५० वॅट जातात. चार्जरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर तो १,३५० वॅट ओढेल, आणि पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) ०.७ असेल तर जनरेटरवर १.९ केव्हीएचा भार येईल. त्याच वेळी घरात चालणाऱ्या उपकरणांचे ०.८ केव्हीए मिळवले की २.७ झाले. छोटा जनरेटर तासन्‌तास पूर्ण भारावर चालवू नये. ८० टक्क्यांचा हिशेब धरून ३.५ केव्हीएचा घ्यावा.

विहिरीवरचा पंप आला की हे गणित बदलते. १ एचपीचा सिंगल फेज पंप चालताना सुमारे दीड केव्हीए घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार ते सहा पट. हा भार क्षणभराचाच असल्याने ५ केव्हीए पुरतो, तोही आधी पंप सुरू करून मग चार्जर जोडायचा असेल तरच. पाणी उन्हाच्या दिवसांत टाकीत चढवून ठेवता येत असेल, तर केवळ पंपासाठी मोठा जनरेटर घेण्यात अर्थ नाही.

उंचीवर हवा विरळ असल्याने इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण एक टक्का घटते. सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात ४ केव्हीएचा जनरेटर साडेतीनच्या आसपासच देईल.

गरजेपेक्षा फार मोठा जनरेटरही नको. डिझेल इंजिन ३० टक्क्यांहून कमी भारावर दीर्घकाळ चालले, तर न जळलेले इंधन आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचते.

लिथियम बॅटरी पन्नास-शंभर अँपिअरही घेते. तिथे इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये चार्जिंग करंट जनरेटरला झेपेल इतका खाली आणावा. जनरेटर बदलण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त. लेड-ॲसिडचे शेवटचे वीस टक्के भरायला कित्येक तास लागतात आणि करंट नाममात्र असतो. म्हणून जनरेटर सकाळी चालवून बॅटरी ८० टक्क्यांवर आणावी आणि उरलेले काम दुपारच्या फिकट उन्हावर सोडावे. मात्र दोन आठवड्यांतून एकदा तरी ती पूर्ण भरलीच पाहिजे, नाहीतर प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो.

जनरेटर चालू आहे, पण इन्व्हर्टर त्याची वीज घेत नाही, ही नेहमीची तक्रार. चार्जरने भार टाकताच व्होल्टेज खाली जाते, रिले (जनरेटरची वीज आत घेणारा आपोआप चालणारा स्विच) टककन सुटतो, व्होल्टेज सावरले की पुन्हा पकडतो, आणि हे असेच चालू राहते. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर (यात व्होल्टेजचा थोडाही चढउतार तो चालवून घेत नाही) असल्यास तो साध्या मोडवर टाकावा, चार्जिंग करंट कमी करावा, आणि रिकाम्या भारावर जनरेटरची फ्रिक्वेन्सी ५२ हर्ट्झच्या वर जात नाही हे पाहावे. जनरेटरची वायर इन्व्हर्टरच्या इनपुटलाच जोडायची. आउटपुटला जोडल्यास इन्व्हर्टर जळतो. घराला थेट पुरवठा द्यायचा असेल तर मध्ये चेंजओव्हर स्विच (एका वेळी जनरेटर किंवा इन्व्हर्टर यांपैकी एकच घराला जोडणारा) हवाच.

धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, त्यामुळे पावसातही जनरेटर पडवीत आणू नये. बाहेर चारी बाजूंनी मोकळी शेड करावी. पेट्रोलचा जनरेटर एका युनिटमागे साधारण अर्धा लिटर किंवा थोडे अधिक पेट्रोल खातो. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला दमट हवेत पाणी सुटते, म्हणून महिन्याभराहून जास्त साठा करू नये. पावसाळा संपला की इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे आणि टाकी रिकामी करावी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये कार्ब्युरेटरचा जेट चोंदलेला निघत नाही.