बांधाच्या थराची मंजुरी: अर्ज कुठे अडतो, कागद कोणते लागतात

पूरसंरक्षक मातीच्या बांधाचा प्रत्येक थर मंजूर करून घ्यावा लागतो. वरची माती पडली की खालचा थर झाकला जातो आणि मग तो तपासायला खोदण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून आधी मंजुरी, मग पुढचा थर. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी अर्ज परत येतात आणि कारणंही तीच ती असतात.

खालच्या थराची मंजुरी हातात असेल तरच वरच्या थराचा अर्ज करता येतो. पहिल्या थरासाठी पायाची तपासणी लागते: गवत, मुळं, कुजकी माती काढल्याची नोंद. सोबत खाणीतल्या मातीचा प्रॉक्टर अहवाल (ठरावीक मारात माती जास्तीत जास्त किती घट्ट बसते आणि त्यासाठी किती ओलावा लागतो, हे सांगणारी प्रयोगशाळेतली चाचणी), जागेवरच्या घनतेचे तक्ते, उपकरणांची कॅलिब्रेशन (अचूकता तपासल्याची) प्रमाणपत्रं आणि तलांक (थराच्या पातळीची मोजलेली उंची) जोडा. प्रमाणपत्राची तारीख उलटलेली नाही ना, एवढं बघून घ्या.

खरं अडतं ते प्रॉक्टर अहवालावर. अहवाल एका खाणीचा आणि माती दुसऱ्या खाणीची, असं सर्रास होतं. खाणीत दोन मीटर खाली गेलं की रंग बदलतो, चिकटपणा बदलतो, मग जुना अहवाल त्या मातीला लागू कसा होणार? माती बदलली की नवा अहवाल करा. तो करून घ्यायला कोणी सांगत नाही, पण तो नसला की अर्ज परत येतो.

दुसरी चूक आकडेमोडीची. समजा प्रॉक्टरची कमाल कोरडी घनता 1.80 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे, जागेवरची ओली घनता 1.95 आणि ओलावा कोरड्या मातीच्या वजनाच्या 14 टक्के. दबाई म्हणजे जागेवरची कोरडी घनता प्रॉक्टरच्या कमाल घनतेच्या किती टक्के आहे ते. अनेक जण 1.95 ला थेट 1.80 ने भागतात आणि दबाई 108 टक्के लिहून मोकळे होतात. आधी 1.95 ला 1.14 ने भागा. कोरडी घनता 1.71 येते, म्हणजे दबाई 95 टक्के. निविदेत 95 मागितले असतील तर थर जेमतेम पास आहे, 108 नव्हे.

मुदतीचा घोळ वेगळाच. करारात तपासणीसाठी 24 तासांची सूचना द्यायची असेल, तर ती तपासणीच्या आधीची असते, रोलर थांबल्यानंतरची नाही. त्यात ओलाव्याचा नमुना ओव्हनमध्ये 105 ते 110 अंशांवर साधारण दिवसभर वाळतो. निकाल येण्याआधी पुढची माती टाकली तर आलेला निकाल कागदावरच राहतो. तपासणीला येणारे साहेब उशीर करतात आणि तोवर थर उन्हात वाळून भेगाळतो, हा त्रास खरा आहे. अशा वेळी अर्जाच्या पोचवर वेळ लिहून घ्या आणि पृष्ठभागावर पाणी मारत राहा. मंजुरीविना पुढे मात्र जाऊ नका.

चाचणीची जागा ‘थर 7, मध्यभागी’ अशी लिहू नका. साखळी क्रमांक (बांधाच्या सुरुवातीपासून लांबीत मोजलेलं अंतर), तलांक आणि मध्यरेषेपासूनचं अंतर द्या. मधोमध रोलर नीट फिरतो, तिथली घनता चांगलीच येणार. कडेला आणि बांधातून जाणाऱ्या पाइपाच्या बाजूला रोलर पोचत नाही, हाताच्या रॅमरनेच दाबावं लागतं. पुरात पाणी पाइपाच्या कडेनेच वाट काढतं. तिथली चाचणी नसेल तर अर्ज परत आलाच पाहिजे.

थर नापास झाला तर तो उकरा, ओलावा दुरुस्त करा, पुन्हा दाबा आणि त्याच जागी चाचणी घ्या. नापास झालेला तक्ताही नव्याबरोबर जोडा. बरेच जण तो फाडून टाकतात. मग तक्त्यांच्या क्रमांकात खंड दिसतो आणि चांगल्या थरांच्या नोंदींवरही शंका येते.