नीसची हिवाळी सहल: व्हिसाच्या दोन फाईली आणि अडणारी कागदपत्रं

फेब्रुवारीत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीसमध्ये दुपारी बारा-तेरा अंश असतं, उन्हाळ्यातली झुंबड नसते, कार्निव्हल चालू असतो आणि रेल्वेने जरा पुढे गेलं की माँताँ गावात लिंबांचा उत्सव. जोडप्यांनी ही वेळ निवडावी हे साहजिक आहे. पण यात एकाला व्हिसा आणि दुसऱ्याला नकार, असं वारंवार घडतं. कारण घरात सगळं एकत्र असतं, म्हणून अर्जही एकत्रच समजला जातो. फ्रान्सच्या वाणिज्य दूतावासाकडे 'जोडपं' नावाचा अर्जदारच नसतो. तिथे दोन माणसं असतात, दोन फाईली असतात, आणि एका फाईलमधला कागद दुसऱ्या फाईलसाठी कोणी शोधत बसत नाही.

फ्रान्स, इटली आणि युरोपातल्या इतर बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा चालतो, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. म्हणून आधी तो कोणत्या देशाकडे मागायचा ते ठरवा. ज्या देशात जास्त मुक्काम, त्या देशाचा अर्ज. नीसला 4 रात्री आणि पुढे रोमला 5 रात्री असतील तर अर्ज इटलीकडे जातो, विमान नीसला उतरत असलं तरी. मुक्काम सारखे असतील तरच पहिला प्रवेश कुठे हे बघतात. नीसहून दिवसभरासाठी मोनॅको किंवा इटलीतल्या व्हेंतिमिल्याला जाऊन परत आलात तर त्याने काही बदलत नाही.

मुदतीच्या बाबतीत बरेच जण फसतात. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आधी आणि कमीत कमी 15 दिवस आधी देता येतो. हे 15 दिवस म्हणजे निर्णयाची हमी नव्हे. निर्णयाला साधारण 15 दिवस धरतात, पण तपासणी लांबली तर नियमानेच 45 दिवसांपर्यंत वेळ घेता येतो. त्यात अपॉइंटमेंट मिळायला लागणारे दिवस धरलेले नाहीत. 14 फेब्रुवारीला नीसमध्ये असायचं असेल तर दिवाळी झाल्या झाल्या कागद तयार हवेत. जानेवारीत धावाधाव केली तर तिकिटाचे पैसे पाण्यात जातात आणि दोष मात्र दूतावासाला दिला जातो.

पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने चालणारा असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत. फ्रान्सच्या अधिकृत व्हिसा संकेतस्थळावर दोघांचे वेगवेगळे अर्ज भरायचे, छापायचे, प्रत्येकाने आपापल्या अर्जावर सही करायची. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर. शुल्क प्रौढ माणसाला 90 यूरो, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क. नकार आला तर यातलं काही परत मिळत नाही. बोटांचे ठसे गेल्या 59 महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी दिले असतील तर बहुधा पुन्हा द्यावे लागत नाहीत.

सहीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. पासपोर्टवर सही मराठीत असेल तर अर्जावरही मराठीतच करा. लग्नानंतर नवीन आडनावाने सही करायची सवय लागलेली असते आणि पासपोर्टवर माहेरची सही असते. खिडकीवरच्या माणसाला दोन वेगळ्या सह्या दिसल्या की फाईल तिथेच अडते.

आता तो कागद, जो बहुतेकांकडे नसतो: विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. पत्नी नोकरी करत नसेल आणि खर्च पती करणार असेल, तर हे नातं कागदावर सिद्ध करावं लागतं. लग्नपत्रिका, मंडपातले फोटो किंवा कार्यालयाची पावती यांनी ते होत नाही. लग्न गावी झालं असेल तर नोंद ग्रामपंचायतीत, शहरात महानगरपालिका किंवा नगरपालिकेत. डिसेंबरात लग्न आणि फेब्रुवारीत नीस असा बेत असेल तर लग्नाच्या त्याच आठवड्यात नोंदणीला जा. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर जोडा. आणि कृपा करून याच दोन महिन्यांत पासपोर्टवरचं आडनाव बदलायला घेऊ नका. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर व्हिसा मिळतो. फक्त विमान, हॉटेल आणि विमा, तिन्ही त्याच नावाने हवेत. नवऱ्याच्या आडनावाने हौसेने काढलेलं तिकीट फार महागात पडतं.

पैशाचा पुरावा म्हणजे गेल्या 3 महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह. पासबुकाची झेरॉक्स चालत नाही. सहकारी बँक किंवा पतसंस्थेत खातं असेल तर शाखेत जाऊन लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्क्याचं स्टेटमेंट मागून घ्या. फ्रान्स हॉटेलचं बुकिंग असलेल्या माणसाला दिवसाला 65 यूरो धरतं, म्हणजे 8 दिवसांचे दोघांचे मिळून 1,040 यूरो. ही रक्कम बहुतेकांच्या आवाक्यातली असते. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: अर्जाच्या आठ दिवस आधी खात्यात अचानक चार लाख येतात. भावाकडून घेतलेले असोत की एफडी मोडलेली असो, स्टेटमेंटवर ती ओळ उठून दिसते. एफडी मोडली असेल तर तिची पावती लावा. उसने घेऊन खातं फुगवू नका. पगाराची नियमित, लहान रक्कम त्यापेक्षा जास्त विश्वासाची ठरते.

दुसरी फाईल पोकळ राहते ती इथेच. पती खर्च करणार असेल तर पत्नीच्या फाईलमध्ये त्याचं खर्चाची जबाबदारी घेणारं पत्र, त्याच्या स्टेटमेंटची आणि आयटीआरची प्रत, त्याच्या पासपोर्टची प्रत आणि विवाह प्रमाणपत्र हे सगळं पुन्हा लावायचं. तिच्या नावावर थोडीशी बचत असेल तर तीही दाखवा. लग्न न झालेल्या जोडप्यांना अर्ज करायला काहीच आडकाठी नाही, पण प्रत्येकाने आपलं उत्पन्न स्वतः दाखवणं उत्तम.

नोकरदारांना तीन महिन्यांच्या पगारपत्रकांसोबत रजा मंजूर असल्याचं पत्र लागतं, त्यात परत रुजू होण्याची तारीख हवी. शिक्षक आणि सरकारी कर्मचाऱ्यांची एनओसी टेबलामागून टेबल फिरत राहते, हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तिचा अर्ज शेवटी केला जातो. तो सगळ्यात आधी करा. शेतकरी कुटुंबांनी नुसता सातबारा लावून थांबू नये. त्यावरून जमीन कळते, उत्पन्न कळत नाही. बाजार समितीच्या पट्ट्या आणि त्या रकमा खात्यात जमा झाल्याच्या नोंदी जोडा, उताऱ्याचं भाषांतर करून घ्या.

हॉटेलच्या बुकिंगवर दोघांची नावं हवीत. 'पाहुणे: 2' एवढं पुरत नाही. एखाद्या नातेवाइकाकडे उतरणार असाल तर त्याचं साधं पत्र चालत नाही. त्याने तिथल्या नगरपालिकेतून यजमान असल्याचा अधिकृत दाखला काढायचा आणि मूळ प्रत भारतात पाठवायची. त्याला 30 यूरोचं मुद्रांक शुल्क पडतं आणि वेळही लागतो.

विमा प्रत्येकाचा किमान 30,000 यूरोचा, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा, उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च देणारा. तारखा दिवसांनी मोजा, रात्रींनी नव्हे. 7 रात्रींचं हॉटेल म्हणजे 8 दिवस.

लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर सावध राहा. शेंगेन व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवर तिथे विमान बदलायलासुद्धा साधारणपणे वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. आणि व्हिसा असताना 'एटियास काढून देतो' म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. एटियास ही युरोपात जाण्याची ऑनलाइन प्रवास परवानगी, आणि ती व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या लोकांसाठी आहे.

नकार आला तर पत्रावर ठरावीक कारणांपैकी लागू असलेल्यावर खूण असते. ती वाचा. 30 दिवसांत फ्रान्समध्ये दाद मागता येते, पण सहलीची तारीख त्यासाठी थांबत नाही. उणीव भरून नव्याने अर्ज करणं बहुतेकदा बरं.

पासपोर्ट हातात आला की व्हिसाचा स्टिकर तिथेच तपासा. त्यावरच्या दोन तारखांमधला काळ म्हणजे मुक्कामाचा परवाना नव्हे. तारखा 26 दिवसांच्या असतील आणि मुक्कामाचे दिवस 11 छापलेले असतील, तर राहता येतं 11 दिवसच, उतरण्याचा आणि निघण्याचा दिवस धरून. दोघांच्या स्टिकरवरचे आकडे वेगळे असू शकतात. विमा, हॉटेल आणि परतीच्या तिकिटाचा एकेक संच प्रत्येकाने आपल्या हातातल्या पिशवीत ठेवावा. पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवर दोघांना वेगवेगळं बोलावलं जाऊ शकतं.