समजणं हातात येतं तेव्हा

ग्रीक तत्त्वज्ञ झेनो ज्ञानाच्या पायऱ्या हातानेच करून दाखवायचा. बोटं पसरून उघडा तळवा समोर धरला की ते इंद्रियांवर उमटलेलं चित्र. बोटं जराशी आत वळवली की त्या चित्राला मनाने दिलेली संमती. मग मूठ मिटायची: हे आकलन. शेवटी डाव्या हाताने ती मूठ वरून घट्ट आवळायची. हे ज्ञान, आणि ते फक्त शहाण्या माणसालाच साधतं, असं तो म्हणे.

ही इ.स.पू. ३००च्या सुमाराची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली ती रोमन लेखक सिसेरोमुळे. मिटलेल्या मुठीच्या पायरीला झेनो ‘कातालेप्सिस’ म्हणायचा, म्हणजे घट्ट पकडणं. सिसेरोने त्यासाठी लॅटिन प्रतिशब्द योजला, ‘कॉम्प्रेहेन्सियो’. इंग्रजीतलं ‘कॉम्प्रिहेन्ड’ हे क्रियापद त्याच घराण्यातलं. मुळाशी ‘प्रेहेन्देरे’, पकडणे. फांदीला विळखा घालू शकणाऱ्या माकडाच्या शेपटीला इंग्रजीत ‘प्रीहेन्साइल’ म्हणतात तेही यातूनच, आणि ‘प्रिझन’सुद्धा. ‘अ‍ॅप्रिहेन्ड’ हे सख्खं भावंड तर आजही दोन्ही कामं करतं: पोलीस आरोपीला अ‍ॅप्रिहेन्ड करतात आणि मन एखादी कल्पना. ‘कन्सेप्ट’ आणि ‘पर्सीव्ह’ यांच्या पोटात ‘कापेरे’ हे दुसरं लॅटिन क्रियापद आहे. त्याचाही अर्थ घेणे, धरणे.

हे सगळं लॅटिनकडून आलेलं. पण इंग्रजीची स्वतःची जुनी शब्दसंपत्ती पाहिली तरी तिथेही हातच भेटतो. ‘ग्रास्प’ हे क्रियापद आधी चाचपडणं, हाताने धरू पाहणं या अर्थाचं होतं; कल्पना ‘ग्रास्प’ करणं नंतर आलं. मला यात सगळ्यात आवडतो तो ‘फॅदम’. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता पसरलेले दोन्ही बाहू, कवेत घेणं. त्या पसरलेल्या हातांचं माप झालं सहा फूट, खलाशी त्या मापाने समुद्राची खोली मोजू लागले, आणि मग एखाद्या गोष्टीचा थांग लागणं म्हणजे ती ‘फॅदम’ करणं. नेहमीच्या वापरातलं ‘अंडरस्टँड’ मात्र हाताशी संबंधित नाही, त्यात उभं राहणं आहे. आपल्याकडेही ‘ग्रहण’ करण्यात पकडणं आहेच.

पण धरणं म्हणजे नेमकं काय? समजण्यासाठी भाषांना हीच कृती का सुचली असावी, याचं उत्तर मला तरी शब्दकोशांपेक्षा हातात जास्त सापडतं.

१९५६ साली ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी हाताच्या पकडीचे दोन मूळ प्रकार सांगितले. एक जोराची पकड: वस्तू वळलेली बोटं आणि तळवा यांच्यामध्ये आवळली जाते, जशी हातोड्याची मूठ. दुसरी अचूक पकड: अंगठा आणि बोटांची टोकं, जशी सुई धरताना. कुठली पकड वापरायची हे केवळ वस्तूच्या आकारावर ठरत नाही, काय करायचंय त्यावर ठरतं. बरणीचं घट्ट बसलेलं झाकण उघडताना बघा. आधी अख्खा पंजा झाकणावर आवळला जातो. झाकण सैल झालं की त्याच क्षणी, आपण न ठरवता, बोटांची टोकं पुढे येतात आणि ते अलगद फिरवू लागतात. झाकण तेच, पण त्याच्याविषयी हाताला आता वेगळं काही कळलेलं असतं.

हे कळणं किती बारीक असतं ते स्वीडनमधल्या रोलंड योहान्सन आणि योरान वेस्टलिंग यांनी १९८४मध्ये मोजलं. त्यांनी लोकांना एक छोटी वस्तू दोन बोटांत धरून उचलायला सांगितली आणि तिचा पृष्ठभाग बदलत नेला: कधी खरखरीत सँडपेपर, कधी गुळगुळीत रेशीम. रेशमाला बोटं जास्त दाब देत, सँडपेपरला कमी. दाब नेहमी वस्तू निसटू नये इतका, आणि त्याहून थोडासाच अधिक. वस्तू किंचित जरी घसरली तरी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड घट्ट होई. बोटं बधिर केली की हे तंत्र बिघडायचं. स्नायूंत जोर तेवढाच असला तरी किती जोर लावायचा हे हाताला उमगत नसे. एका तळहाताच्या त्वचेत स्पर्शाची सुमारे १७ हजार ग्राहक टोकं असतात. धरणं ही ताकदीची बाब वाटते, पण प्रत्यक्षात हात पकडता पकडता वस्तू सतत वाचत असतो.

मग ‘कल्पना ग्रास्प केली’ असं वाचताना मेंदूतला हाताचा भाग जागा होतो का? २००४ मध्ये केंब्रिजमधल्या ओलाफ हाउक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ‘किक’, ‘पिक’, ‘लिक’ अशी क्रियापदं नुसती मनात वाचली तरी मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या पट्ट्यात अनुक्रमे पाय, हात आणि चेहरा यांच्याशी निगडित जागा सक्रिय होतात. पण शब्द लाक्षणिक अर्थाने आला की चित्र धूसर होतं. २००९ मध्ये एका गटाला लाक्षणिक वाक्यांतही हात-पायांच्या जागा सक्रिय झालेल्या दिसल्या, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाला वाक्प्रचारांमध्ये तसं काही दिसलं नाही. २०११ मध्ये रुत्विक देसाई आणि सहकाऱ्यांनी यातली एक गाठ सोडवली: रूपक जितकं वापरून गुळगुळीत झालेलं, तितका हालचालीच्या भागांचा सहभाग कमी. म्हणजे ‘कॉम्प्रिहेन्ड’ उच्चारताना आज कुणाचीही मूठ वळत नसावी, असं मानायला हरकत नाही.

‘हाताशिवाय समजच नाही’ असा दावा अधूनमधून वाचायला मिळतो. तो मला पटत नाही, आणि त्याविरुद्ध भक्कम पुरावाही आहे. जन्मतःच हात नसलेल्या काही व्यक्तींचा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. इतरांच्या हातांच्या हालचाली ओळखण्यात आणि त्यांचा अर्थ लावण्यात या व्यक्ती कुठेही कमी पडल्या नाहीत.

तरीही हात अगदीच बघ्याच्या भूमिकेत नसतो. डावखुऱ्या लोकांनी हाताच्या क्रियांची क्रियापदं वाचली तेव्हा त्यांच्या मेंदूची उजवी बाजू पुढे आली, उजव्या हाताने काम करणाऱ्यांची डावी. २०१०चा हा निष्कर्ष. त्याआधी २००५ मध्ये मेंदूतल्या हाताच्या जागेला चुंबकीय स्पंदनाने हलकंसं उद्दीपन देऊन पाहिलं गेलं होतं. पडद्यावरचं अक्षरजुळणीचं रूप खरा शब्द आहे की नाही, एवढंच लोकांना ओळखायचं होतं. हाताच्या जागेला स्पंदन दिलं की हाताच्या क्रियांचे शब्द पायाच्या शब्दांपेक्षा लवकर ओळखले गेले. पायाच्या जागेला दिलं तेव्हा उलट घडलं.