रथसप्तमी ते गुढीपाडवा : रोपं घ्यायला येण्याआधी

(इंदूरमधल्या आमच्या रोपवाटिकेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

संक्रांतीची वाणं लुटून झाली, रथसप्तमीचं दूध उतू गेलं, की रोपवाटिकेच्या फाटकाशी गाड्या लागायला सुरुवात होते. आत पाऊल टाकलं की समोरच पिटुनिया, डायन्थस, फ्लॉक्स, पॅन्सी भरभरून फुललेली असतात. साहजिकच हात तिकडे जातो. पाच-दहा कुंड्या गाडीत जातात आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोन येतो, ‘दादा, तुमची झाडं वाळली.’

ती वाळणारच होती. या फुलांची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात झालेली असते. फेब्रुवारीत तुम्ही त्यांना भेटता तेव्हा त्यांचं निम्म्याहून जास्त आयुष्य सरलेलं असतं. मार्चमध्ये इंदूरचा पारा 34-35 अंशांवर गेला की ती दमतात, एप्रिलच्या 38 अंशांत संपतात. घरी मुंज आहे, साखरपुडा आहे, महिनाभर जिना सजवायचा आहे, तर जरूर न्या. पण वर्षभराची बाग म्हणून नेऊ नका. दोन वर्षांपूर्वी मार्चच्या शेवटी आम्हीच उरलेला पिटुनिया स्वस्तात काढला होता. तो नेणाऱ्या काकूंनी नंतर बोलून दाखवलं, आणि त्यांचं बरोबर होतं. आता होळीनंतर आम्ही तो विकतच नाही.

तेव्हा हे पत्रक काढण्यामागे सांगणं एकच : रोप फेब्रुवारीत घ्या, पण हिशेब मे महिन्याचा करा.

आधी बादल्या मोजा

गच्चीवरची 12 इंची कुंडी मे महिन्यात रोज दीड ते दोन लिटर पाणी पिते, असा आमचा अनुभव आहे. अशा 20 कुंड्या म्हणजे रोज दोन-अडीच बादल्या. ज्या भागात नळ एक दिवसाआड येतो तिथे दुप्पट साठवण लागते, शिवाय त्या गच्चीवर चढवायच्या कोणी, हाही प्रश्न आहेच. आपल्या नळाला येणारी नर्मदा खाली निमाडातल्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर घाट चढवून आणलेली आहे. ती कुंडीत ओतताना जीव थोडा कासावीस होतो, निदान आमचा होतो. बोअरचं पाणी असेल तर बहुतेक ठिकाणी ते जड असतं. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि अरेका पामच्या पानांची टोकं तपकिरी पडतात.

म्हणून घरून निघतानाच ठरवा, मेमध्ये रोज किती बादल्या झाडांना देता येतील. दोन म्हणालात तर आम्ही तुम्हाला 15 कुंड्यांवर जाऊ देणार नाही. सुट्टीत पुण्याला किंवा मुंबईला आठ-पंधरा दिवस जाणार असाल तर तेही आधी सांगा. मग आम्ही बोगनवेल, कण्हेर, अॅडेनियम, कोरफड, स्नेक प्लांट दाखवू. बोगनवेलीला तर थोडी तहान लागल्याशिवाय रंगच चढत नाही. जास्त लाड केले की नुसती पानं. (आपण ज्यांना तिची फुलं म्हणतो ती खरं तर रंगीत पानंच. खरं फूल मधलं, ते बारीक पांढरं.)

फेब्रुवारीचं ऊन फसवं असतं

मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, राहणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा, कारण सगळ्यात जास्त झाडं इथेच चुकतात.

फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेच्या गॅलरीत दुपारी छान ऊन आत येतं. तुम्ही ते बघता आणि ‘भरपूर ऊन आहे’ असं आम्हाला सांगता. मे-जूनमध्ये मात्र तोच सूर्य थेट डोक्यावर असतो, कारण कर्कवृत्त आपल्यापासून फार लांब नाही, उज्जैनच्या पुढे डोंगला गावाजवळून जातं. सूर्य डोक्यावर आला की वरच्या मजल्याचा स्लॅब छत्रीसारखा आडवा येतो आणि दक्षिणेची गॅलरी सावलीत जाते. मोगऱ्याला ऐन कळ्यांच्या वेळेला ऊन मिळत नाही.

उत्तरेच्या गॅलरीचं उलट. आज ती थंडगार, अंधारी वाटते. मेमध्ये सूर्य ईशान्येच्या अंगाने उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे तिथे सकाळ-संध्याकाळ ऊन येतं. सावलीची म्हणून ठेवलेली नेची तिथे करपतात. पूर्वेची गॅलरी सर्वांत सोयीची. पश्चिमेची भिंत मात्र चार वाजेपर्यंत तव्यासारखी तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तिथे बोगनवेल, मधुमालती किंवा कण्हेरच लावा, नाहीतर सरळ हिरवी नेट बांधा.

येताना गॅलरीचा एक फोटो आणा आणि ती कोणत्या दिशेला आहे तेवढं सांगा. फोनमध्ये होकायंत्र असतंच.

हरितगृहात आम्ही काय करतो

बरेच जण विचारतात, मालव्यात हरितगृह कशाला, इथे काय बर्फ पडतो? बर्फ नाही, पण जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो आणि त्या गारठ्यात उन्हाळी फुलांचं बी उगवायला तयार नसतं. सदाफुलीला उगवण्यासाठी 24-25 अंशांची ऊब लागते. 200 मायक्रॉनच्या प्लॅस्टिकखाली ती ऊब दिवसा आयती मिळते, म्हणून आमचे ट्रे डिसेंबर-जानेवारीतच भरले जातात. सदाफुली तयार व्हायला दोन महिन्यांच्या वर लागतात, मिरचीला पाच-सहा आठवडे, झेंडू आणि झिनियाला तीन-चार.

याचा एक तोटाही आहे. हरितगृहातलं रोप दिसायला तुकतुकीत, पण नाजूक. त्याला वारा माहीत नाही, ऊन माहीत नाही. आम्ही ते विकायच्या आधी आठवडाभर हिरव्या नेटखाली आणि मग उघड्यावर ठेवतो. तेव्हा थोडं रापलेलं, बुटकं, जाड खोडाचं रोप दिसलं तर ते बाजूला सारू नका. तेच घ्या. लांबट, फिक्या पानांचं, एखादं फूल मिरवणारं रोप दुसऱ्यासाठी राहू द्या.

काय, कधी

टोमॅटो घ्यायचा तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पारा 35 च्या पुढे गेला की फुलं येतात आणि गळून पडतात, फळ धरत नाही. मिरची आणि वांगी मार्चपर्यंत चालतात. भेंडीची रोपं आमच्याकडे मिळणार नाहीत. तिचं सोटमूळ उपटून लावलेलं सहन करत नाही, बी न्या आणि कुंडीतच टोचा. गिलकी (घोसाळी), दोडका, काकडी यांचंही तसंच, फक्त वेल चढवायला दोरी आधी बांधून ठेवा. नंतर बांधू म्हणणाऱ्यांच्या वेली शेजाऱ्यांच्या कूलरवर चढलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

पाडव्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा असेल तर पाडव्यापासून मागे किमान 50 दिवस मोजा आणि त्या सुमाराला रोप लावा.

मोगऱ्याबद्दल जरा सविस्तर. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरचा मोगरा असावा ही आपल्याकडच्या बायकांची जुनी हौस, आणि दर वर्षी त्या चैत्र लागल्यावर येतात. तेव्हा कळ्यांनी भरलेली झाडं असतात खरी, पण कुंडी बदलली, जागा बदलली की त्यातल्या निम्म्या कळ्या गळतात. मोगरा फेब्रुवारीत घ्या, छाटलेला, जवळजवळ काटक्यांसारखा दिसणारा. घरी जुना असेल तर जानेवारी संपताना त्याला कात्री लावा, उरलेली पानं काढा, आठवडाभर पाणी तोडा, मग शेणखत घालून पाणी सुरू करा. नवीन फुटव्यावरच कळी येते. छाटायला मन धजत नाही हे माहीत आहे. पण न छाटलेला मोगरा नुसता वाढतो.

गुलाबाचा काळ खरा ऑक्टोबर ते फेब्रुवारी. होळीनंतर कलमी गुलाब मागितलात तर आम्ही देऊ, पण समजावून देऊ. कलमाचा डोळा, म्हणजे जिथे कलम जोडलेलं असतं तो भाग, मातीच्या वर ठेवा आणि डोळ्याच्या खालून जो फुटवा येईल तो लगेच काढून टाका. तो रानगुलाबाचा असतो, झाडाचं सगळं बळ तोच खातो.

आंबा, लिंबू, पेरू, प्राजक्त, अशी जमिनीत लावायची झाडं आत्ता घेऊ नका. पहिले दोन पाऊस पडून जाऊ द्या. आमची विक्री लांबते, पण झाड जगतं.

नावांचा घोळ

आमची माळी मंडळी मालवी-हिंदी बोलतात. तुम्ही ‘तगर आहे का?’ विचारलंत आणि ते ‘नहीं’ म्हणाले, तरी तगरीची शंभर झाडं मागे उभी असू शकतात. तिला इथे चांदनी म्हणतात. जास्वंद म्हणजे गुडहल, सदाफुली म्हणजे सदाबहार, अनंत म्हणजे गंधराज, प्राजक्त म्हणजे हरसिंगार, गुलबक्षी म्हणजे गुलाबास, निशिगंध म्हणजे रजनीगंधा, शेवंती म्हणजे गुलदाउदी. कढीपत्त्याला मीठा नीम म्हणा. नुसतं ‘नीम’ म्हणालात तर पाडव्याचा कडुनिंब हाती येईल.

माती

मालव्याची काळी माती शेतात सोनं, कुंडीत डोकेदुखी. ओली झाली की फुगून चिखल, वाळली की आक्रसून कडेने भेगा. मग वरून घातलेलं पाणी भेगांतून सरळ खाली बशीत, मुळं कोरडीच. नुसती काळी माती भरू नका. तिचे दोन भाग, मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग, जाड रेती एक भाग, आणि कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) एक-दोन ओंजळ. ओला कचरा वेगळा काढायची आपल्या शहराला सवय लागलीच आहे, त्यातला चार-दोन मूठ घरीच डब्यात कुजवलात तर खत विकत घ्यायची गरज नाही. फक्त पूर्ण काळं, भुसभुशीत झाल्याशिवाय कुंडीत घालू नका.

घरी नेताना, नेल्यावर

घेण्याआधी पान उलटून बघा. कापसासारखं पांढरं, चिकट किंवा बारीक जाळं दिसलं तर ते रोप परत ठेवा आणि आम्हालाही सांगा. दुचाकीवर नेताना रोपांना वर्तमानपत्र गुंडाळा, वाऱ्याने पानं अर्ध्या तासात लुळी पडतात. जास्त कुंड्या असतील तर लोडिंग रिक्षा आम्ही बोलावून देतो, भाडं तुमचं.

नेल्या दिवशी कुंडी बदलू नका. चार दिवस सकाळच्याच उन्हात ठेवा, मग संध्याकाळी बदला. कूलरचा झोत थेट झाडावर येणार नाही एवढं पाहा. कीड दिसली तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब, फवारणी ऊन उतरल्यावर.

ऑर्डर

वाणासाठी किंवा मुंजीच्या आहेरासाठी 25 च्या वर सारखी रोपं हवी असतील तर तीन आठवडे आधी सांगा, निम्मे पैसे आगाऊ. सात दिवसांत रोप मेलं तर पिशवीसकट आणून दाखवा, बदलून देऊ. पाणी जास्त झालं होतं की कमी, हे मुळं पाहून कळतं, तेव्हा खरं सांगितलंत तरी रागावणार नाही.

सकाळी आठ ते बारा, दुपारी चार ते सात. रंगपंचमीला गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) असते, त्या दिवशी रोपवाटिका बंद. राजवाडा, सराफ्याकडची पोचवणी त्याच्या आदल्या दिवशीही होणार नाही.