लठ्ठपणा आणि सामाजिक-आर्थिक स्थिती

शरीरातली जादा चरबी आणि माणसाचे उत्पन्न, शिक्षण व काम यांचा परस्परसंबंध. स्त्री-पुरुषांत तो सारखा नसतो. सोबल आणि स्टंकार्ड या संशोधकांनी १९८९ मध्ये १४४ अभ्यास तपासले. श्रीमंत देशांत गरीब स्त्रिया जास्त लठ्ठ आढळल्या, पुरुषांत मात्र तसा ठाम कल नव्हता. गरीब देशांत सुबत्तेबरोबर दोघांचेही वजन वाढत होते. 'खात्यापित्या घरचा' हे कौतुक त्याच जगातले.

भारत या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. शहरी स्त्रियांत हे प्रमाण ३३ टक्के, ग्रामीण स्त्रियांत जेमतेम २०. तरी नुसत्या वजनावर जाऊ नये. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका धरतात. पुण्यात मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी याचे मूळ गर्भावस्थेतल्या कुपोषणापर्यंत नेले.

सोलापुरात कामाची वाटणीच बोलकी आहे. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभा असतो, एका मागाकडून दुसऱ्याकडे फिरतो. त्याच घरातली बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते: पान कातरायचे, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. कष्ट दोघांचेही, पण तिची बोटे तेवढी हलतात. त्यावरून तिला बसून खाणारी म्हणणे हा शुद्ध अन्याय.

खाण्याचेही तसेच. हा मुलूख ज्वारीचा, मंगळवेढ्याच्या मालदांडी वाणाचा. पण रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ येतो, आणि विडीची मजुरी हजारामागे मिळते. कुकरमध्ये भात शिजेतो हात चालू राहतो. भाकरी थापायची तर सूप खाली ठेवावे लागते. अनेक दिवस टिकणारी इथली कडक भाकरी आता पाकिटात भरून पुण्या-मुंबईकडे जाते आणि तिथे वजनावर लक्ष ठेवणारे लोक ती आवडीने विकत घेतात.