फायबरच्या नकाशाचं सॉफ्टवेअर घेण्याआधी : केबल व इंटरनेट ऑपरेटरांसाठी माहिती

जळगाव-धुळे-नंदुरबारकडचे ऑपरेटर आम्हाला हमखास विचारतात, "नकाशासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?" त्याआधी आमचा एक प्रश्न असतो : जॉइंटवर (दोन केबल जोडल्यात तिथे) केबलवर छापलेले मीटरचे आकडे लिहून ठेवलेत का? ते नसतील, तर महागडं सॉफ्टवेअरही फॉल्ट भलत्याच पोलवर दाखवतं.

ओटीडीआर (फायबरमध्ये प्रकाश सोडून ब्रेक किती अंतरावर आहे ते सांगणारं यंत्र) फायबरच्या काचेची लांबी मोजतो, रस्त्याची नाही. समजा, ब्रेक ४,३०० मीटरवर दिसला. ट्यूबमधला फायबर पिळाचा असल्याने केबलपेक्षा १ टक्का लांब धरला (नेमका आकडा केबल कंपनीकडून घ्या), तर केबल भरते ४,२५७ मीटर. वाटेत दोन जॉइंट, प्रत्येकावर दोन्ही बाजूंचा मिळून ३० मीटर लूप (गुंडाळून ठेवलेली जादा केबल), शिवाय पोलांवर दहा-दहा मीटरचे १० लूप. हे १६० मीटर वजा केले की ब्रेक रस्त्याने ४,०९७ मीटरवर येतो. गूगल अर्थच्या रेघेवर ४,३०० मोजून निघालेली टीम २०० मीटर पुढे जाते, म्हणजे चार-पाच पोल. केबल जमिनीत असेल तर खड्डाच वाया.

उपाय बिनखर्चाचा आहे. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. जॉइंटवर येणाऱ्या आणि जाणाऱ्या अशा दोन्ही केबलचा आकडा लिहा, फोटो काढा. लूप जिथे सुरू होतो आणि संपतो तिथलेही आकडे घ्या. त्यासाठी जॉइंटचा डबा उघडावा लागत नाही. कोरची (केबलमधल्या एकेका फायबरची) जोडणी मात्र दुरुस्तीला डबा उघडेल तेव्हाच लिहा. चालू लाइनवर उगाच हात घालू नका. मोबाईलचं जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही चार-पाच मीटर चुकतं, रावेर-यावलच्या केळीबागांत त्याहून जास्त. म्हणून जमिनीतला जॉइंट मोरीच्या कठड्यापासून टेपने मोजा.

म्हणूनच नुसती केएमएल फाइल (गूगल अर्थवर काढलेली मार्गाची रेघ) घेऊन आम्ही डेटा चढवून देत नाही, आधी सर्व्हे करतो. त्याचे पैसे वेगळे पडतात, हे खरं. पण चुकीचा नकाशा नसलेल्या नकाशापेक्षा वाईट, कारण माणसं त्याच्यावर विश्वास ठेवून खोदतात.

आता सॉफ्टवेअर. गूगल अर्थ मार्ग दाखवायला पुरतं, कोणता कोर कुठे जोडलाय ते सांगत नाही. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर मोफत आणि भक्कम आहे. कोर, स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश अनेक फायबरांत वाटणारा भाग), जॉइंट यांचे तक्ते मात्र स्वतः बांधावे लागतात. फायबरसाठीच बनवलेल्या सशुल्क सॉफ्टवेअरमध्ये ते तयार मिळतात.

डेमो विक्रेत्याच्या नमुन्यावर पाहू नका. स्वतःची एक २४ कोरची केबल, दोन जॉइंट आणि १:८ चा एक स्प्लिटर भरून घ्या. मग एक कोर तोडून दाखवायला सांगा : कोणते ग्राहक बंद पडले? ग्राहकापासून ओएलटीच्या (ऑपरेटरकडच्या मुख्य यंत्राच्या) पोर्टपर्यंत मार्ग ट्यूब आणि कोरच्या रंगासकट दिसतो का? ओटीडीआरचं अंतर टाकल्यावर लूप आपोआप वजा होतात का? सातपुड्याच्या पायथ्याला रेंज नसते, तिथे मोबाईलवर नोंद होते का? आणि उद्या सॉफ्टवेअर सोडलं, तर जोडण्यांचे तक्ते एक्सेलमध्ये बाहेर काढता येतात का? नुसत्या रेघा बाहेर येत असतील तर घेऊ नका.

आमच्याकडे येताना एका मार्गाची केएमएल, जॉइंटचे फोटो आणि ओटीडीआरची मूळ फाइल आणा. पीडीएफवर काम होत नाही. त्या एका मार्गाची चाचणी आम्ही मोफत करून देतो. क्यूजीआयएसमध्ये भागतंय असं दिसलं, तर तेच बसवून देऊ.